लोबानचा धूर

केडगावच्या गॅरेजमधले चाचा दिवसभर बडबडतात, पण इंजिनच्या ब्लॉकला बुचं बसवताना चकार शब्द काढत नाहीत. तेलाच्या वाटांची तोंडं बंद करणारी ही बुचं. एखादं सैल राहिलं तर तेलाचा दाब जातो आणि इंजिन जाम होतं. दुसऱ्या एका मिस्त्रीच्या हातून माझ्या ट्रकचं तसंच झालं होतं.

परवा बहिणीच्या बकरीची गोष्ट अर्धी टाकून चाचांनी बुचं हातात घेतली. ठोकून झाल्यावर नळीनं त्या वाटांमध्ये लोबानचा धूर सोडला.

मी वैतागलो. "चाचा, इंजिनला धूप कशाला?"

त्यांनी बोट दाखवलं. मागच्या बुचाच्या कडेनं धुराची बारीक रेघ वर चढत होती.

"बगा, आप्पा. हितनंच पळालं असतं तेल."

ते बूच उपसून त्यांनी नवं बसवलं. पुन्हा धूर सोडला, तेव्हा रेघ नव्हती.

आज इंजिन जोडून झालं. मी चावी फिरवली, तेव्हा चाचा नेहमीसारखे तेलाच्या दाबाच्या काट्याकडे पाठ करून उभे होते.

"काटा उठला का?"

"उठला, चाचा. खाली येत न्हाई."

ते वळले. "तर ती बकरी..."

मी इंजिन चालूच ठेवलं आणि ऐकत बसलो.