वन्संचा सव्वा किलो

बारा वर्षांपूर्वी आमच्या वन्संसाठी मी लॅपटॉप निवडला तो पातेलं निवडावं तसा. उचलून पाहिला, जड लागला, म्हणजे दणकट असणार! पन्नाशी गाठली होती मी, पण अक्कल अजून वाटेतच होती. थोरल्या नणंदेच्या निवृत्तीची भेट, म्हणून दुकानातला सगळ्यांत वजनदार उचलला आणि वर नवऱ्याला ऐकवलं, "बघा, कसं भरीव काम आहे!"

वन्संनी तो दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला. मुळात त्यांच्यासारखी बाई अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरी नसेल. तारापूरच्या कारखान्यात यंत्रांच्या पॅनेलसमोर हयात गेलेली, त्यामुळे घरी भातसुद्धा घड्याळ लावून. त्यांनी त्या धोंड्यातलं विंडोज-बिंडोज होतं नव्हतं ते काढून लिनक्स घातलं. का, तर "आपल्या स्वयंपाकघरातले डबे आपणच लावलेले बरे." आणि दर गुरुवारी तो पाठीवर घेऊन त्या बोईसरहून एसटीने जव्हारकडच्या एका शाळेत जाऊ लागल्या, पाड्यांवरच्या मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवायला. खांदा गेला तो त्यातच. यंदा डॉक्टरांनी बजावलं, वजन उचलणं बंद. लॅपटॉप हलका मिळाला तर गुरुवार टिकणार, नाही तर तोही बंद.

मग निवड सुरू झाली. आधी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून वन्सं आठवडाभर आमच्या सरावली गावात हिंडल्या. मग दीड किलो. सव्वा किलोला खांदा गप्प बसला. पुढे बोईसरच्या दुकानात पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघणं: वायफाय लागतं का, झाकण मिटून उघडलं की जाग येते का, डोळे मिटून टाइप होतं का. तीन लॅपटॉप नापास झाल्यावर दुकानदाराने कपाळाला हात लावला. "आंटी, लॅपटॉप लेना है या जमाई देखना है?"

"जावई रोज पाठीवर घ्यावा लागत नाही," वन्सं म्हणाल्या.

चौथा पास झाला. पण खोक्यावरचं वजन चार्जर सोडून होतं. म्हणून दुकानदारालाच तो उचलायला लावून आमची वरात समोरच्या मासळी बाजारात. किनाऱ्यावरच्या नवापूरच्या कोळणीने लॅपटॉप आणि चार्जर तराजूत ठेवले, निरखले आणि विचारलं, "ताई, कापून देऊ का? खवलं तर नाय ह्याला." भरला सव्वा किलोला जरा कमीच.

परतताना रिक्षात माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "वन्सं, तो पहिला मी जड बघूनच घेतला होता हो. तुमच्या खांद्याची वाट मीच लावली."

त्यांनी मांडीवरच्या खोक्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "अगं, खांद्याचं सोड. एसटीच्या पायऱ्या हल्ली उंच वाटतात मला, हे कुणाला सांगितलं नाही मी. परवा गुरुवार. येशील का हात धरायला?"