पुष्याची म्हैस

रुईखेड्यात पावसाचा विषय निघाला की लोक आभाळाकडे बघायच्या आधी बन्सीधर आबांच्या ओट्याकडे बघतात. ताडकळसपासून दोन कोसांवरचं हे गाव. मोबाइल घरोघरी पोचलेत, एकेका मोबाइलात पावसाचे तीन तीन अंदाज, आणि तिन्ही एकमेकांशी भांडणारे. म्हणून मग खत टाकायच्या आधी एकदा आबाला विचारून यायचं, ही रीत काही सुटलेली नाही.

आबाचं वय अडुसष्ट, शिक्षण सातवी, रान साडेतीन एकर, त्यात दोन एकर हळद. पंचांगातलं पावसाचं पान तेवढं तोंडपाठ. सूर्य नक्षत्र बदलतो तेव्हा कशावर तरी बसून येतो, ते त्या नक्षत्राचं वाहन. हत्ती, म्हैस, बेडूक असलं की पाऊस दणकून. मोर, गाढव, उंदीर असलं की मध्यम. कोल्हा नाहीतर मेंढा निघाला की ओढ, म्हणजे आभाळ कोरडं ठणठणीत. हा हिशेब आबाच्या अंगात इतका मुरलेला, की एकदा कसल्याशा सर्वेक्षणाचा माणूस ओट्यावर बसून विचारत होता, "बाबा, वाहन कोणतं?" तर आबा म्हणाला, "आत्ता बेडूक हाय. सोमवारपून गाढव लागतंय." त्या माणसानं थोडा विचार केला आणि 'वाहन नाही' असं लिहून टाकलं.

यंदा पुष्य नक्षत्राचं वाहन म्हैस निघालं. आबानं आठ दिवस आधीच गावाला सांगून ठेवलं, "पुष्याला म्हैस हाय. नाले सोडवून ठिवा." लोकांनी नाले सोडवले. चौदा दिवस गेले, थेंब नाही. सोयाबीन दुपारी माना टाकायला लागलं.

चौदाव्या दिवशी चहाच्या हॉटेलात योगीराजनं तोंड उघडलं. योगीराज म्हणजे आबाच्या चुलत्याचा नातू, पस्तिशीचा गडी, गावातल्या पाच ग्रुपांचा अॅडमिन. तो म्हणाला, "आबा, तुमची म्हैस कुठं डुंबायलीय? आमच्या शिवारात तर दिसंना."

बाकावरची सगळी हसली. आबाच्या हातात बशी होती. बशीतून वर बघताना समोर पलीकडच्या गावाचा माळ दिसला. त्या माळावर गेल्या साली सौरऊर्जेच्या प्लेटा लागल्या होत्या आणि त्या नेमक्या त्याच वेळी चमकल्या.

"त्या पलेटा बगितल्या का?" आबा म्हणाला. "काचा तापायलेत. त्याची धग वर जाती. ढग आला की फाटतो. म्हैस बिचारी काय करंल?"

एवढंच बोलून आबानं चहा संपवला. त्याच्या दृष्टीनं तो विषय तिथंच मिटला होता. पण योगीराजच्या मोबाइलात तो मिटत नसतो. तिसऱ्या दिवशी आबाच्या भाच्यानं मानवतहून फोन केला, "मामा, एक मेसेज फिरायलाय. प्लेटांच्या धगीनं ढग फाटतात म्हणून शास्त्रज्ञांनी शोध लावलाय." आबाला क्षणभर बरं वाटलं. आपल्याला जे वाटलं तेच शास्त्रज्ञांनाही वाटलं, असं त्यानं कडूबाईला सांगितलंसुद्धा.

कडूबाई म्हणजे आबाची बायको. ती भाकरी थापत नव्हती, कारण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. भाकरी आबा थापत होता आणि ती बाजेवर बसून भाकरीचा होणारा नकाशा बघत होती.

हाताची गोष्ट अशी, की शेतीच्या मोटारीला एक आठवडा दिवसाची लाइट, एक आठवडा रात्रीची. पुष्य कोरडं गेलं, हळदीला पाणी तर पाहिजे, आणि पाळी नेमकी रात्रीची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आबाला अंधारात बांध आणि पाट यातला फरक कळत नाही. म्हणून बॅटरी धरायला कडूबाई. ओल्या बांधावरून तिचा पाय सटकला आणि मनगट मोडलं. डॉक्टरनं पोळ्यापर्यंत हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं.

आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय होता तो हाच. गावच्या गायरानावर वीस एकरात सौर प्लेटा लावू द्यायच्या का? लावू दिल्या तर शेतीला कायम दिवसाची लाइट. ठराव पडला तर योजना दुसऱ्या गावाला जाणार.

"तुमी काय करणार?" कडूबाईनं आदल्या दिवशी विचारलं.

"बगू. पलेटांबद्दल लोकांचं मत लय वाईट हाय."

"लोकांचं मत तुमच्या बशीतून सांडलंय. माझा एक हात मोडला. दुसरा मी सभेत वर करायला ठिवलाय. तुमचं तुमी बगा."

आबा बेजार झाला. ठरावाला हात वर करावा, तर पुष्याची म्हैस कुठं गेली ते सांगावं लागणार. न करावा, तर हळद पुन्हा अंधारात भिजवायची आणि बॅटरी धरायला या बाईला उरलेल्या हातानिशी न्यायचं. तीस वर्षं गावानं आपल्याला विचारून खत टाकलं, हे त्याच्या जिवाला लागलेलं होतं. रात्रभर कूस बदलत त्यानं कडूबाईची झोप मोडली, तेवढाच काय तो निष्कर्ष.

सभा मारुतीच्या पारासमोर भरली. सरपंच धम्मशीलाताई मध्ये खुर्चीवर, शेजारी वीज खात्याकडून आलेले श्रीनिधी साहेब. साहेब तरुण होते, घामाघूम होते आणि त्यांनी पृथ्वीच्या तापमानापासून सुरुवात केली. कोळसा, धूर, वितळणारा बर्फ असं करत ते रुईखेड्यापर्यंत यायला पाऊण तास लागला. लोक बर्फ ऐकून जरा सुखावले होते.

"साहेब, ते जगाचं ऱ्हाऊ द्या," योगीराज उठला. "पलेटांनी ढग फाटतात का न्हाई, तेवढं सांगा."

"तसा काही पुरावा नाही."

"मग यंदा तुमच्या मोबाइलात बी भरपूर पाऊस दाखवला होता, तो कुठं गेला?"

साहेब कसनुसं हसले. "अंदाज चुकतात. पावसाचं जुनं वेळापत्रक बिघडत चाललंय, हेच तर मी सांगतोय."

"आन् गायरानात पलेटा लागल्यावर जनावरं काय चारायची? काचा?" मागून कुणीतरी म्हणालं.

इथं साहेबांना वाटलं, आता आपल्या हातात हुकमाचं पान आहे. ते उत्साहानं म्हणाले, "प्लेटांच्या खाली गवत चांगलं येतं. शेळ्या नकोत, त्या वर चढतात, वायरी खातात. पण मेंढ्या बिनधास्त चारा. माझं तर म्हणणं आहे, प्लेटा आणि मेंढ्या ही जोडीच आहे."

मेंढ्यांचं नाव निघताच सभेत कुजबुज उठली. साहेबांना कळेना आपण काय बोललो. धम्मशीलाताईंनी कपाळाला हात लावला. एकेक मान वळत गेली आणि सगळं गाव बन्सीधर आबाकडे बघायला लागलं.

योगीराज सावकाश म्हणाला, "आबा, साहेब मेंढा आणायलेत गावात. मेंढा वाहन असलं की काय होतं, ते सांगा बरं यास्नी."

आबा उठला. फक्त 'ओढ' एवढा एक शब्द म्हणायचा होता. ठराव तिथंच पडला असता आणि आबाचा शब्द आणखी तीस वर्षं चालला असता. बायकांच्या बाजूला कडूबाई बसली होती. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, प्लास्टरच्या आत काडी घालून खाजवत होती.

"मेंढा म्हंजे ओढ," आबा म्हणाला. "पर ती पंचांगातल्या मेंढ्याची. चरणाऱ्या मेंढ्याला पावसाचं काय घेणं? धनगराच्या वाड्यावर दोनशे मेंढ्या हायेत, तिथं काय पाऊस पडत न्हाई का?"

"मग पुष्याला ढग कामून फाटले?" योगीराज हटेना.

"फाटायला आले कुठं होते? पलीकडच्या पलेटा गेल्या साली बी होत्या. गेल्या साली पाणी तुझ्या चुलीपत्तूर आलं होतं." आबानं टोपी काढली, पुन्हा घातली. "मी म्हैस सांगितली, म्हैस आली न्हाई. हॉटेलात तू चारचौघांत इचारलं, मला काय सुचंना, समोर पलेटा दिसल्या, मी बोलून गेलो. त्यो शोध शास्त्रज्ञाचा न्हाई. माझा हाय. आन् खोटा हाय."

कुणीतरी खुदकन हसलं. मग हसू सगळीकडे पसरलं. साहेब मात्र गंभीरपणे वहीत काहीतरी लिहून घेत होते.

आबा तसाच उभा होता. "पंचांग हाय तिथंच हाय. आभाळच सरकायलंय, आसं मला चार-पाच सालांपून वाटायलंय. कुणाला बोललो न्हाई. बोललो आसतो तर तुमी इचारायला आला नसता." आणि एवढं बोलून त्यानं ठराव मांडला जायच्या आधीच हात वर केला.

"आबा, थांबा, आजून वाचायचाय," धम्मशीलाताई म्हणाल्या.

"वाचा. मी धरून ठिवतो."

ठराव वाचून होईपर्यंत हात वरच होता. कडूबाईनं डावा केला. मग रात्रीच्या पाळीचे सगळेच हात हळूहळू वर आले. योगीराजचा शेवटी आला, कारण त्याला आधी ग्रुपवर टाकायचं होतं.

प्लेटा लागायला वर्ष तरी जाणार होतं. तोवर रात्रीच्या पाळीला बॅटरी धरायला योगीराजनंच यायचं, असं कडूबाईनं परस्पर ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा. तिसऱ्या दिवशीही रिकामा. मघा नक्षत्र लागत होतं, पण कुणी फिरकलं नाही. आबा पंचांग न उघडता मांडीवर घेऊन बसला. चौथ्या दिवशी शेजारची बायनाबाई आली. तिची कपाशी एकर-दीड एकर.

"भाऊजी, मघाचं वाहन काय हाय? युरिया टाकायचाय."

"मला नका इचारू, बायनाबाई. आता मी सांगत नसतो. चुकतंय."

"ते मला बारा वर्षांपून ठाव हाय," बायनाबाई म्हणाली. "तुमी सांगाल त्याच्या उलटं करती म्हनून तर माझं बरं चाललंय. आसं मधीच बंद केलं तर मी काय करू?"

घरातून कडूबाईच्या हसण्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालला.

आबानं चष्मा लावला, पान काढलं आणि आवाजात शक्य तेवढा मान आणून म्हणाला, "उंदीर."

"मंग युरिया ऱ्हाऊ देती आज." बायनाबाई समाधानानं निघाली.

"आवं पर उंदीर मध्यम आसतो," आबानं मागून हाक मारली. "मध्यमाचं उलटं काय करणार तुमी?"

बायनाबाई फाटकापाशी थांबली, पदर खोचला आणि विचार करायला लागली.