शेजारच्या काकूंची तसबीर

रत्नागिरीच्या कचेरीत मी कारकून होतो. दिवसभर नकला उतरवायच्या आणि सुटल्यावर पिशवीत रंगांची पेटी घालून मिरकरवाड्याच्या किनाऱ्यावर जायचं, हा माझा क्रम. तिथे होड्या, जाळी, ओली वाळू काढत बसायचो. ती चित्रं माझ्या बायकोशिवाय कोणी पाहिलेली नव्हती.

एका वैशाखात शेजारच्या बागायतदाराची आई वारली. दिवसकार्य उरकल्यावर तो आमच्या पडवीत येऊन बसला.

"वहिनी म्हणाल्या, तुम्ही चित्रं काढता. आईची तसबीर करून द्याल? घरात तिचा एक फोटो नाही हो."

मी आत पाहिलं. बायको मुकाट्याने भाजी चिरत होती.

त्याच्या सांगण्याप्रमाणे मी काकूंना खुर्चीत बसवलं, शालू नेसवला, नाकात नथ घातली. तसबीर त्याने उजेडात नेऊन पाहिली. "शालू झकास आलाय," तो हळूच म्हणाला, "पण ही कोण?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे आपलं काम नव्हे, असं मी घरी बोललो.

"काकूंना खुर्चीत बसलेलं तुम्ही कधी पाहिलंत?" बायकोने विचारलं.

कधीच नाही. मी पाहिलं होतं ते घरापुढच्या खळ्यात आमसुलं वाळत घालताना, लाल झालेल्या हातांनी कावळ्यांना हाकलताना. मग तशाच काढल्या. दाभोळला दिलेली त्यांची लेक तसबीर पाहायला आली. "दादा, हात बघ. आईचेच!" ती भावाला म्हणाली आणि रडता रडता चित्राच्या कोपऱ्यातल्या कावळ्याला हसली.

त्यानंतर कामं येऊ लागली. कोणाचे वडील, शाळेसाठी सरस्वती, नाटकाचा पडदा. कचेरी सांभाळून ती करताना मिरकरवाडा सुटला. हात सफाईने चालायचा. पण पुढे पुढे माझ्या लक्षात आलं, की प्रत्येकाच्या वडिलांना मी एकच नाक देतोय. घाबरून एका रविवारी पुन्हा किनाऱ्यावर गेलो. कोणाला आवडेल याचा विचार न करता दुपारपर्यंत नुसतं पाणी रंगवलं. दुसऱ्या दिवशी एका वकिलांच्या वडिलांचा अडून बसलेला चेहरा सहज जमला. लोकांची आणि माझी, दोन्ही चित्रं मला हवी होती. सोडायची होती ती कचेरी.

माझ्या वडिलांना सांगायची छाती होईना. ते निवृत्त शिक्षक. सरकारी नोकरी म्हणजे त्यांना देवघरासारखी. शेवटी सांगितलं, तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पडवीत एक फळी घासत बसलेले.

"दारावर पाटी नको का?" ते वर न बघता म्हणाले. "चित्रं तू काढ. अक्षर मात्र माझं हं. तुझं कधी सुधारलंच नाही."

मी पांढरा रंग कालवून त्यांच्यापुढे ठेवला.