पाय निघत नाही

या सदरातले अनुभव आजवर मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं हसायचो. मी विज्ञान शिकवणारी बाई. तावीज, नजर, उतारा... आमच्या घरात यातलं काही चालत नाही. तरी आज मीच लिहायला बसलेय.

मी भोरला राहते. माझी शाळा गुंजवण्याच्या बाजूला, धरणाच्या काठावर. सना, माझी मुलगी, पाच वर्षांची. ती झाली तेव्हापासून माझ्या मनात भीती घर करून बसलीय. ती झोपली की श्वास चालू आहे ना, म्हणून नाकाखाली बोट धरायचं. शाळेतून सासूबाईंना दिवसाला दहा-दहा फोन. शेवटी पुण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, "भीती वाटली म्हणजे काही घडलंय असं नसतं. तिच्यामागे धावू नका. थांबा, ती ओसरते." आणि खरंच ओसरत होती. फोन दोनावर आले होते.

मार्चमधली गोष्ट. सनाला ताप होता, म्हणून ती घरीच होती. मधल्या सुट्टीत मी वर्गात एकटीच वह्या तपासत होते. पाण्याकडच्या खिडकीतून आवाज आला — "अम्मी, पाय निघत नाही."

सनाचाच आवाज. हातातलं पेन खाली पडलं.

थांबायचं ठरवलं... नाही जमलं. फोन लावला.

"ताप उतरलाय, माझ्या शेजारी झोपलीय," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा सुरू झालं का तुझं?"

मला रडू आलं. व्हरांड्यात शाळेतले दुसरे गुरुजी उभे होते. त्यांना विचारलं, काही ऐकू आलं का? ते म्हणाले, "नाही मॅडम. पोरांचा दंगा, दुसरं काय?"

तेवढ्यात पुन्हा — "अम्मी..." या वेळी बारीक, पाण्याच्या बाजूनं.

मी चप्पल न घालताच धावले.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरलं की काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, खाली लोण्यासारखा. त्या गाळात तिसरीतली रूपाली छातीपर्यंत रुतली होती. तोंड उघडं, डोळे माझ्याकडे, आणि आवाज... काहीच नाही.

मी किंचाळले. मागून गुरुजी आले, शेतातली दोन माणसं फळी घेऊन धावली. मी फळीवर पालथी पडून ओढणी तिच्या काखेतून घातली. किती वेळ लागला, आठवत नाही. गाळानं तिला सोडलं तेव्हा झालेला आवाज मात्र अजून कानात आहे.

तिला धुऊन कोरडं केलं. वाहून आलेला चेंडू आणायला गेली होती. मी विचारलं, "रूपाली, तू कुणाला हाक मारत होतीस गं?"

ती म्हणाली, "म्या हाक मारलीच न्हाई, बाई. लई भ्या वाटलं. त्वांड उघडलं, पन आवाजच निघंना."

संध्याकाळी घरी पोचले. सना अंगणात खेळत होती. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तू फोन ठेवलास आणि पोरगी झोपेतच पाय झाडायला लागली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "'अम्मी, पाय निघत नाही' म्हणाली. मला वाटलं, पांघरुणात अडकली. काढून बघितलं, तर पाय मोकळेच होते."

मी ऐकलेले शब्द तोवर कुणालाही सांगितले नव्हते. गुरुजींनासुद्धा.

सनाला त्यातलं काही आठवत नाही. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "योगायोग असू शकतो." असेलही. मला दुसरं काही सिद्ध करता येत नाही, आणि तेही पटत नाही.

डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू आहे. पण पूर्वी छातीत धडधडलं की मी स्वतःला सांगायचे — हे खोटं आहे, ओसरेल. आता तसं सांगायचं धाडस होत नाही. फोन बाजूला ठेवून थांबते, आणि दर वेळी वाटतं... या वेळी कुणाचं मूल?