साहेबांच्या गावातली आजी

खासदार कुसाकाबेसाहेब संसदेत बोलायला उठले की आधी आवाज खाली आणणार. मग रुमाल काढणार, चष्मा पुसणार आणि म्हणणार, "माझ्या गावात एक आजी आहेत..." झालं, एवढा वेळ ओरडणारा विरोधी पक्षसुद्धा गप्प. दर भाषणात नवी आजी. मला पहिल्यापासून संशय होता. एवढी माणसं खरंच गावात उरली असती, तर दवाखाना बंद करायची भाषा कुणी केली असती का?

आणि नेमकी त्याच दवाखान्यावर चर्चा चालली होती. मी न्हावी, माझ्या दुकानात टीव्ही लावलेला, चारजण बसलेले. साहेब म्हणाले, "त्या आजी मुळ्याला धुरी देऊन लोणचं घालतात. माझा हात धरून म्हणाल्या, साहेब, आमचा दवाखाना बंद झाला तरी चालेल, पण पोरांची शाळा जगवा."

माझा वस्तरा हातातच राहिला. गावात तसं लोणचं विकणारी बाई एकच, आमच्या शेजारच्या कीकुनोकाकू.

दुसऱ्याच दिवशी काकूंच्या पलीकडच्या इनाबाबाई नोटिशीची फळी घेऊन आल्या. ही फळी घरामागून घर अशी गल्लीभर फिरते.

"मध्ये काकूंचं घर आहे की," मी म्हणालो.

"त्यांना आता गल्लीच्या नोटिशी कशाला? त्यांचा शब्द थेट संसदेत जातो."

फळी घेऊन मीच काकूंकडे गेलो. मलाही विचारायचंच होतं. "काकू, खरं सांगा, काय बोललात?"

"पानगळीत त्यांचा सेक्रेटरी आला होता. दोन मुळे घेतले मेल्याने. दवाखाना जवळ आहे म्हणून या गुडघ्यांवर तग धरून आहे, एवढंच बोलले. साहेबांना तर मी पोस्टरवरच पाहिलंय."

"मग सांगा ना सगळ्यांना."

"कोण ऐकतंय? तूच बघ, कसा फौजदारासारखा विचारतोयस."

नव्या वर्षाच्या मेळाव्याला साहेब गावात आले. दारात उभं राहून एकेकाचा हात दोन्ही हातांत घेत होते. काकूंची पाळी आली. मागे सगळी गल्ली कान टवकारून उभी. काकूंनी हात सोडलाच नाही.

"साहेब, मला ओळखलंत?"

साहेबांनी सेक्रेटरीकडे पाहिलं, सेक्रेटरीने जमिनीकडे. "नाही हो आजी, आज पहिल्यांदाच भेटतोय."

"मी लोणचं विकते. दवाखाना बंद करा असं मी कधीच म्हटलेलं नाही. तो चालू ठेवा."

साहेब कमरेत लवले. "तुमचं म्हणणं मी संसदेत नेईन."

त्या संध्याकाळी फळी काकूंच्या दारात पोचली, वर इनाबाबाईंनी ठेवलेली चार संत्री. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या महिन्यात पुन्हा चर्चा. काकू मुद्दाम दुकानात आल्या, इनाबाबाईही आल्या. साहेबांनी आवाज खाली आणला, रुमाल काढला. "त्या लोणचेवाल्या आजी मला परवा पुन्हा भेटल्या. माझा हात सोडेनात. म्हणाल्या, साहेब, माझं म्हणणं मांडलंत, आता मागे हटू नका."

सभागृहात टाळ्या पडल्या. दवाखाना गेला, हे सांगायला आता कुणी नको होतं. माझं डोकं असं तापलं की टीव्हीच बंद केला.

काकू गुडघे चोळत बसल्या. मेळाव्यात त्यांच्या पाठीला खेटून इनाबाबाई उभ्या होत्या, शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता. त्या आता खुर्चीतून काकूंकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "पुन्हा म्हणजे? आधी साहेबांना कधी भेटला होतात?"