तोंड नसलेली पाखरं

दत्तूदादा गेल्याचा निरोप एसटीच्या कंडक्टरनं श्रीरामपूरच्या स्टँडवर दिला. मी पोचलो तेव्हा चिता पेटली होती आणि आमचे सरपंच भाषण करत होते, "दादा म्हणजे आपल्या प्रवरामाईचा जिवलग!" मला मळमळून आलं. हे अलंकारानं लिहीत नाही, खरोखरच बाजूला जाऊन ओकलो. महिना उलटला, तोंडाची चव अजून तीच आहे...

दादा माझा चुलतभाऊ. नगरला लष्करात ड्रायव्हर असताना एका साहेबाकडून तो पिसाच्या माशीनं मासे धरायला शिकला. गळाभोवती कोंबड्याच्या मानेचं पीस दोऱ्यानं असं गुंडाळायचा, की खडस मासा त्याला पाण्यावरचं पाखरूच समजायचा. गांडूळ लावणारे हसायचे. दादाचा सगळा हिशेब धरणावर. वरून पाणी सोडलं की नदी गढूळ, दादा घरात. दारं मिटली, पाणी उतरून निवळलं, की तिन्हीसांजेला डोहावरच्या उथळ धारेतून नखाएवढी पांढुरकी पाखरं उठायची, ढगासारखी. खाली मासे उसळायचे. "बघ, पंगत बसली!" दादा म्हणायचा. पेन्शनीतला, बिनलेकराचा माणूस. त्या संध्याकाळींवरच जगत होता.

दुष्काळाच्या साली गावात हिवताप वाढला आणि ग्रामपंचायतीत ठरलं, ही पाखरं म्हणजेच डास. धारेत पावडर टाकायची. दादा मला दंडाला धरून तिथं घेऊन गेला. घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, तोही प्राणिशास्त्राचा. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

"सांग ह्यांला. तू शिकलायस."

मी सांगितलं, ही पाखरं डास नव्हेत. यांना चावायला तोंडच नसतं.

"मंग खात्यात कशानं, साहेब?" सरपंच म्हणाले.

"खात नाहीत. अंडी घालतात नि दिवसभरात मरतात."

"मरनारच हायती, तर आमी मारली म्हून काय बिघडलं?"

सगळे खो खो हसले. दादा तेवढा हसला नाही. "आरं, मासं काय खात्याल मंग? तुमची भाषनं?"

पोत्यांनी पावडर ओतली. सकाळी मासे पोटं वर करून तरंगत होते आणि लोक टोपल्या भरत होते. सरपंचांच्या घरी तर कालवण झालं, शेजारीपाजारी वाटलंही गेलं. विषानं मेलेले, फुगलेले ते मासे बोटं चाटून खाल्ले या माणसांनी! हिवताप होता तसाच राहिला.

त्यानंतर पाणी सुटलं, उतरलं, निवळलं... प्रत्येक वेळी दादा काठावर जाऊन बसला. गळ टाकायचाच नाही. "येत्याल रं. पुढल्या पान्याला येत्याल," म्हणायचा. पाखरं आली नाहीत. त्याच्या छातीत कळ मात्र आली.

परवा पाणी उतरल्यावर मी धारेत उतरलो. या पाखरांची पिल्लं पाण्यातल्या दगडांखाली वाढतात. दादा आधी एखादा दगड उलटून ती बघायचा आणि होता तसाच अलगद ठेवायचा, घराचं झाकण लावावं तसा. मी दगड उलटला. खाली काळा, बुळबुळीत लेप, नाकात जाणारी घाण. हात विजारीला पुसला. दगड होता तसाच ठेवला.

मग त्याच्या शेजारचा उचलला.