खालच्या गवयाला दिलेली दाद

बहारीनच्या अदलिया भागात आमच्या इमारतीत चार बिऱ्हाडं. आमच्या बरोबर खाली एक वेल्सचा गवई राहायला आला. दिवसा तो एका शाळेत मुलांना संगीत शिकवी आणि संध्याकाळी स्वतःचा गळा तासत बसे. पहिल्या दिवशी त्याचा आवाज वर चढला तेव्हा माझी बायको पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"अवो, दाढ दुखतेय काय त्याची? जाऊन बघा तरी."

मी रत्नागिरीचा माणूस, शेजारधर्म रक्तात. दुखण्यावरची गोळी घेऊन खाली गेलो. सगळा प्रकार कळल्यावर तो हसून हसून लाल झाला, आणि तिथून आमची दोस्ती जमली. बोलणं इंग्रजीत व्हायचं, तोंडी लावायला थोडं अरबी.

त्याचा पेशा ऑपेराचा. म्हणजे अख्खं नाटक गाऊन करायचं, तेही माइकशिवाय. टेनर म्हणजे पुरुषांतला उंच पट्टीचा गळा, त्यामुळे नायकाचं काम बहुधा त्याच्याकडे. पण आमचा गवई वीस-बावीस वर्षं बदली नायक होता. सगळी भूमिका पाठ करायची आणि मुख्य गायकाला सर्दी व्हायची वाट बघत आत बसून राहायचं.

"त्याच्या खोलीच्या खिडक्या मी किती वेळा उघड्या टाकल्या," तो सांगायचा, "पण पठ्ठ्याला कधी शिंक आली नाही."

फक्त एकदा, मुख्य गायकाचा पाय मुरगळला म्हणून, याला शेवटचा अंक मिळाला. जाहिरातीवर नाव अर्थातच दुसऱ्याचं. पुढे कंपनीनं माणसं कमी केली आणि हा शाळेच्या व्हिसावर बहारीनला आला. हे सगळं तो हसत सांगे, आणि मीही हसत ऐके. त्यात हसण्यासारखं फार नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

मग एका ऑगस्टमध्ये त्याच्या गावाकडच्या एका नाट्यगृहातून मेल आला. म्हाताऱ्या राजाच्या भूमिकेसाठी वयस्क टेनर हवा होता. लहान काम, पण स्वतःचं, बदलीचं नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. त्याला सत्तावन्न झाली होती, आणि वरचा सूर आता दर वेळी लागेलच असं नव्हतं.

"यंदा नाही तर खलास," तो म्हणाला. त्या दिवशी तो हसला नाही.

रेकॉर्डिंगसाठी सगळ्या इमारतीचे एसी बंद हवे होते, कारण त्यांची घरघर गाण्यात येत होती. ऑगस्टमध्ये बहारीनला शेजाऱ्याकडे किडनी मागणं त्यापेक्षा सोपं. शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आल्यावर मी दारोदार फिरून वीस मिनिटं मागितली. सगळे म्हणाले, इंशाल्ला. या शब्दावर भिस्त ठेवायची नसते एवढं शहाणपण मला इथं आलंय, म्हणून बायकोला जिन्यात पहाऱ्यावर बसवलं. फोन धरायचं काम माझ्याकडे होतं.

"एकच विनंती," गवई म्हणाला. "आवाज करायचा नाही."

मला जरा रागच आला. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

पहिल्यांदा वरचा सूर चिरकला. दुसऱ्यांदा तो अर्ध्यातच खोकला. आम्ही दोघं घामानं निथळत होतो, वरून कुणीतरी "यल्ला, यल्ला", म्हणजे आटपा लवकर, असं ओरडत होतं. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले, आणि तो सूर असा काही लागला की माझ्या अंगावर काटा आला.

"सुभानल्ला!" मी ओरडलो.

काय करणार? आमच्या गावात कव्वालीला बसलेला माणूस गप्प राहिला तर कव्वाल समजतो, झोपला. चांगली जागा आली की तिथल्या तिथे दाद द्यायची, ती उधार ठेवायची नाही. या लोकांत मात्र गाणं संपेपर्यंत खोकलासुद्धा गिळतात. गाणं संपल्यावर मी फोन खाली केला आणि त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

त्यानं चौथ्यांदा प्रयत्न केला. गळ्यातून नुसती हवा आली. "मफी," तो अरबीत म्हणाला, म्हणजे आता काही शिल्लक नाही. तेवढ्यात जिन्यातल्या पहाऱ्याला न जुमानता बाकीच्या दोन्ही घरांचे एसी घरघरले. हातात राहिलं एकच गाणं, आणि त्यात बरोबर मध्यभागी मी.

मी माफी मागितली. त्यानं हातानंच गप्प केलं आणि कानाला हेडफोन लावून तो ऐकत बसला. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग हेडफोन मला दिला.

"हे बघ, इथं मी सूर सोडणार होतो. इथं तू ओरडलास. आणि पुढं ऐक."

माझ्या ओरडण्यानंतर सूर थांबलाच नव्हता. आणखी लांबला होता, आणखी भरला होता.

"तीस वर्षं गातोय," तो म्हणाला, "पण गात असताना कधी कुणी मला सांगितलं नव्हतं, की बरं चाललंय."

ते गाणं त्यानं आहे तसं, माझ्यासकट, पाठवून दिलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एका माणसाची शेवटची संधी आपल्या जिभेनं घालवली, असंच वाटत होतं. पुढचे नऊ दिवस मी त्याच्या दारावरून चपला हातात घेऊन जात होतो.

दहाव्या दिवशी त्यानं आमची बेल वाजवली. दारात उभा राहिला. एवढ्या आवाजाचा माणूस, आणि नुसता फोन पुढं करून उभा. बायकोनं त्याला धरून खुर्चीवर बसवलं. फोनवर नटांची यादी होती. राजा, आणि पुढे त्याचं नाव.

त्या नावाखाली त्यानं बोट ठेवलं आणि मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यानं बोट काढलं नाही. मी परत वाचलं, जरा मोठ्यानं.

"अजून एकदा," तो म्हणाला.